प्रतिक्रियेला उत्तर: कात्री संघाच्या हातात, पण चेंडू?

नॉर्थस्टँडकर,

इतकं मोकळेपणाने फटकारल्याबद्दल आभार. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. व्यावसायिक संघावर टीव्ही मालिका बनवणं फार बेभरवशाचं असतं, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: "कसलं बेभरवशाचं? शूटिंग संघाच्या परवानगीने होतं, नको ते कापलं जातं, उरते ती लांबलचक जाहिरात. कॅमेरा लावून बसायला काय लागतं?"

जाहिरात असते, यावर आपला वाद नाहीच. ड्रेसिंग रूममध्ये कॅमेऱ्याला आत घेणारा संघ समाजसेवा म्हणून घेत नाही. पण कात्री चालते ती घडून गेलेल्यावर. जे घडलंच नाही ते कुठली कात्री आणणार?

तुमच्याच लाडक्या संघाचं बघा. मुंबई इंडियन्सने 2017 ची आयपीएल हैदराबादला पुण्याविरुद्ध एका धावेने जिंकली. 2019 ची फायनलही हैदराबादलाच, चेन्नईविरुद्ध, पुन्हा एका धावेने. नेटफ्लिक्सच्या ‘क्रिकेट फीव्हर’साठी कॅमेरे या दोन्हींच्या मधल्या हंगामात फिरले, आणि त्या 2018 साली मुंबई पाचवी आली! चौदापैकी सहा सामने जिंकले, आठ हरले. पटकथा कोणाच्या हातात असती तर त्याने नेमकं हे वर्ष निवडलं असतं का?

सुरुवातच आठवा. 7 एप्रिलला वानखेडेवर चेन्नईविरुद्धचा सामना जवळजवळ खिशात होता. मग चेन्नईच्या ब्राव्होने 30 चेंडूंत 68 ठोकले आणि जायबंदी होऊन बाहेर गेलेला त्यांचाच, म्हणजे आपल्या पुण्याचा, केदार जाधव परत येऊन सामना संपवून गेला. एक गडी, एक चेंडू राखून. पुढे हैदराबादशी शेवटच्या चेंडूवर हार, लगेच दिल्लीशीही शेवटच्या चेंडूवरच. गतविजेत्यांची गोष्ट सांगायला आलेल्या मंडळींसमोर आठवडाभरात तीन पराभव. त्याच पहिल्या सामन्यात वीस लाखांत घेतलेल्या मयंक मार्कंडेने धोनीसकट तीन बळी घेतले. हंगामाआधी ‘आपले नायक कोण’ याची यादी करणाऱ्याने त्याचं नाव किती वर लिहिलं असतं?

‘कॅमेरा लावून बसायला’ या शब्दांवरच माझा खरा आक्षेप आहे. लावायचा कोणावर? लग्नाचं शूटिंग करणाऱ्याला निदान नवरा-नवरी कोण ते आधी माहीत असतं. इथे एकाच वेळी कर्णधार बसमध्ये असतो, प्रशिक्षक हॉटेलात, आणि कोणीतरी फिजिओच्या टेबलावर. माइक कोणाला लावायचा हे सकाळी ठरवावं लागतं, आणि संध्याकाळी गोष्ट भलत्याच माणसाकडे सरकलेली असते. महिनाभर ज्याच्या मागे फिरलात तो संघाबाहेर बसला की तुमचं फुटेजही त्याच्यासोबत बाकावर. शिवाय हरल्यावर दार उघडं राहीलच असं नाही. नेमकं तेव्हाच आत असायला हवं, आणि नेमकं तेव्हाच कोणाला तुम्ही आत नको असता. एवढं करून मैदानावरच्या खेळाची चित्रं तुमची नसतातच; प्रक्षेपणाचे हक्क वेगळे, ती परवानगी वेगळी.

इंग्लंडमधला संडरलंड हा फुटबॉल क्लब तर याचं टोक. त्याच्यावरची ‘संडरलंड टिल आय डाय’ ही मालिका काढणारे लोक त्याच क्लबचे चाहते. 2017 मध्ये क्लब प्रीमियर लीग या सर्वांत वरच्या लीगमधून तळाला राहून खालच्या लीगमध्ये उतरला होता, तेव्हा पुन्हा वर चढण्याची गोष्ट हाती लागेल ही आशा. ऑक्टोबर संपता संपता व्यवस्थापक सायमन ग्रेसन यांची हकालपट्टी झाली. नंतर आलेले क्रिस कोलमनही हंगाम संपायच्या आत गेले. चोविसात चोविसावा येऊन क्लब आणखी एक पायरी खाली उतरला. ज्या दिवशी यावर शिक्कामोर्तब झालं त्या दिवशी समोरच्या बर्टन क्लबकडून बरोबरीचा गोल केला डॅरेन बेंटने, एकेकाळच्या संडरलंडच्याच स्ट्रायकरने. कोणी कथेत असं लिहून आणलं असतं तर मी म्हटलं असतं, जरा अतीच झालं. टॉटनहॅम या लंडनच्या क्लबवर ‘ऑल ऑर नथिंग’ ही मालिका बनत असताना व्यवस्थापक पोचेटिनोंना काढलं आणि दुसऱ्या सकाळी त्यांच्या जागी मोरिन्हो हजर. पुढे मार्चमध्ये कोविडने लीगच थांबवली.

आणि कात्रीबद्दलही तुम्ही एक गोष्ट सोडताय. संघ हरत असतो तेव्हाच त्याला कात्री जास्त हवीशी वाटते, आणि तेव्हाच ती कमी उपयोगाची असते. मुंबईचं दिल्लीतल्या शेवटच्या सामन्याचं घ्या. जिंकले तर प्लेऑफचं दार उघडं, समोर आधीच बाद झालेली दिल्ली. 11 धावांनी हरले. हे देशाने टीव्हीवर थेट पाहिलेलं. त्यातलं काय लपवणार? ड्रेसिंग रूममधली शिवीगाळ कापता येईल, गुणतक्ता नाही. म्हणून खेळाडूंमधले वाद, पैशांचे व्यवहार, निवडीमागचं राजकारण अशा मालिकांत शोधू नका, तिथे तुमचा संशय अगदी योग्य आहे. पण ‘सगळं आधी ठरलेलं’ हे मात्र पटत नाही.

राहिला तुमचा शेवटचा टोमणा, की सामने स्टँडात बसून पाहणाऱ्याला या मालिका कशाला हव्यात. 24 एप्रिल 2018 ला, तेही सचिनच्या वाढदिवशी, हैदराबादला 118 वर गुंडाळून मुंबई 87 वर आटोपली. स्टँडातून तुम्हाला विकेटी पडताना दिसल्या असतील. पुढचा पॅड बांधून बसलेला माणूस एकेक विकेट पडताना काय करत होता, हे तिथून दिसत नाही. मला ते बघायला आवडतं. तुम्हाला नसेल आवडत, तर हायलाइट्स आहेतच.