‘आम्ही संशोधक नाही हो!’ या प्रतिक्रियेला उत्तर

इतिहास, धर्मग्रंथ आणि जुन्या कादंबऱ्या विकत घेताना आधी काय तपासावं, यावरच्या लेखाला आलेल्या एका तिखट प्रतिक्रियेचं हे उत्तर. प्रतिक्रियेखालच्या चौकटीत मावेना, म्हणून स्वतंत्र लिहितो आहे.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सूची, टीपा, पाठभेद (एकाच ग्रंथाच्या प्रतींमधले शब्दांचे फरक) असलं काही बघत बसणं हा प्राध्यापकी चोखंदळपणा झाला. सामान्य वाचकाला गोष्ट हवी, भाषा सोपी हवी, टाइप मोठा हवा आणि किंमत आवाक्यात हवी. ‘ज्ञानेश्वरी म्हणजे ज्ञानेश्वरी, कुठल्याही दुकानातून उचला.’ शेवटी तुम्ही विचारलंय की वडिलांना पारायणासाठी प्रत घ्यायची आहे, ती कोणती ते सांगा, पाल्हाळ नको. पाल्हाळ होणार आहे, त्याला इलाज नाही.

टाइप आणि किंमत याबद्दल वाद नाहीच. गोष्टीबद्दलही नाही. पण टीपा संशोधकासाठी असतात हे तुम्ही गृहीत धरलंय, ते मला पटत नाही. संशोधकाचं टीपेवाचून फारसं अडत नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड कुठे मिळतात, कुठल्या बखरीत काय आहे, हे त्याला ठाऊक असतं, शंका आली तर तो मूळ कागद काढून बघतो. अडतं ते घरी बसून वाचणाऱ्याचं. त्याच्या हातात ते एकच पुस्तक असतं. त्या पुस्तकानं सांगितलं नाही, तर अस्सल काय आणि मागाहून जोडलेलं काय हे त्याला कळायला दुसरी वाट नाही.

सिंहगडाचंच घ्या. तानाजीची गोष्ट आपल्याला तोंडपाठ असते: रायबाचं लग्न, ‘आधी लगीन कोंढाण्याचं’, घोरपडीच्या कमरेला बांधलेला दोर, आणि ‘गड आला पण सिंह गेला’. आता सभासदाची बखर उघडा. कृष्णाजी अनंत सभासदानं ती राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीला लिहिली, घटनेनंतर सुमारे पाव शतकानं. तिच्यात मावळे वानरासारखे कडा चढून जातात. घोरपड नाही. रायबाचं लग्न आणि घोरपड ही शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातली. शिवाजी महाराजांच्या तोंडी सभासद घालतो ते वाक्य ‘एक गड घेतला, परंतु एक गड गेला’ असं आहे. आणि सिंहगड हे नाव १६६३ च्या एका पत्रातही येतं, म्हणजे तानाजी पडला त्याच्या सात वर्षं आधी.

म्हणून पोवाडा खोटा का? मुळीच नाही. पोवाडा पोवाड्याच्या जागी झकास आहे. पण जो लेखक बखर, पोवाडा आणि पत्र तिन्ही एका दमात, एकाच सुरात सांगतो आणि वर अवतरणचिन्हांत संवाद घालतो, तो वाचकाची गोष्ट समृद्ध करत नाही, त्याला अंधारात ठेवतो. पानाच्या तळाशी ‘हे सभासदात’, ‘हे पोवाड्यात’ एवढं लिहायला एक ओळ लागते. सामान्य वाचक ती ओळ वाचतो, आवडीनं वाचतो. ऐतिहासिक कादंबरीची गोष्ट वेगळी. तिनं मुखपृष्ठावरच ‘कादंबरी’ असं छापलेलं असतं, हिशेब चोख. त्रास देतात ती ‘चरित्र’ म्हणवून घेणारी पुस्तकं, ज्यांत रात्रीच्या खलबतातला प्रत्येक शब्द दिलेला असतो आणि तो कुणी ऐकला ते दिलेलं नसतं.

तारखांबद्दल तुम्ही ‘सनावळ्या कोण वाचतो’ असं लिहिलंय. वाचू नका, पण त्या बरोबर आहेत का ते बघायला एक मिनिट लागतं. शकाचा इसवी सन करताना चैत्रापासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे आणि १ जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९. कोंढाणा घेतला माघ वद्य नवमी, शके १५९१ ला. डोळे मिटून ७८ मिळवले तर १६६९ येतात. खरी तारीख ४ फेब्रुवारी १६७०. पानिपत पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. १४ जानेवारी १७६१. पौष, माघ, फाल्गुनातल्या दोन-तीन घटना काढून हा हिशेब लावून बघा. तिथे वर्ष चुकलेलं असेल तर लेखकानं सगळ्या पुस्तकभर ७८ मिळवत नेलेत हे समजा. जुन्या पत्रांत शुहूर सन येतो, म्हणजे अरबी शब्दांत लिहिलेली वर्षगणना, तो मृग नक्षत्रापासून सुरू होतो. त्याला डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. पानिपत जानेवारीतलं, म्हणून ६०० मिळवून १७६१.

आणखी एक भानगड इंग्रज-पोर्तुगीज कागदांची. पोर्तुगीजांनी ग्रेगरी पंचांग १५८२ मध्येच घेतलं, इंग्रजांनी थेट १७५२ मध्ये. त्यामुळे सतराव्या शतकातली एकच घटना सुरतेच्या इंग्रज वखारीच्या पत्रात एका तारखेला आणि गोव्याच्या पोर्तुगीज पत्रात दहा दिवस पुढे पडते. राज्याभिषेक ६ जून १६७४, नव्या पंचांगानं १६ जून. प्रस्तावनेत ‘या पुस्तकातल्या तारखा अमुक पद्धतीच्या आहेत’ असं एक वाक्य असलं की पुरे. नसलं, तर इंग्रज पत्र गोव्याच्या पत्राच्या ‘आधी’ लिहिलं गेलं असल्या करामती वाचायला मिळतात.

सूचीची परीक्षा सोपी आहे. ‘संभाजी’ काढा. शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजी, छत्रपती संभाजी आणि कोल्हापूरचे संभाजी हे तीन वेगळे. सूचीत तिघांच्या वेगळ्या नोंदी असतील तर सूची माणसानं केलेली आहे. एकाच ‘संभाजी’पुढे पन्नास-साठ पानांचे आकडे ओळीनं लावले असतील, तर ती संगणकानं शब्द शोधून काढलेली यादी, असून नसून सारखी. पेशवाईवरचं पुस्तक असेल तर हीच परीक्षा ‘माधवराव’ आणि ‘बाजीराव’ यांवर घ्या, आणि वंशावळ जोडलेली आहे का तेही बघा. नकाशात अंतराचं प्रमाण आणि नद्या नसतील तर तो फक्त सजावटीला आहे.

आता धर्मग्रंथ. ‘ज्ञानेश्वरी म्हणजे ज्ञानेश्वरी’ हे तुमचं वाक्य खुद्द एकनाथांना पटलं नसतं. ‘शके बाराशते बारोत्तरें’, म्हणजे १२९० मध्ये, नेवाशाला ग्रंथ झाला. पुढे जवळपास तीनशे वर्षं तो हातानं उतरवला जात राहिला आणि उतरवणाऱ्यांनी त्यात भर घातली. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ ला, नाथांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि वर बजावून ठेवलं:

‘ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाठी ।
तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥’

म्हणजे, अमृताच्या ताटात करवंटी ठेवली. पाठभेदाची काळजी ही विद्यापीठातून आलेली नाही, ती वारकरी संप्रदायाच्या घरातलीच आहे. पुढे राजवाड्यांनी १९०९ मध्ये त्यांना सापडलेल्या एका जुन्या पोथीवरून वेगळा पाठ छापला. तो नाथपूर्व असल्याचं त्यांचं म्हणणं. आज बाजारात नाथांच्या परंपरेतल्या प्रती जास्त, पण त्यांच्यातही ओव्यांची संख्या आणि क्रमांक थोडे मागेपुढे होतात. पसायदान काढा आणि ‘आतां विश्वात्मकें देवें’चा क्रमांक दोन प्रकाशनांत ताडून बघा. एकट्यानं वाचणाऱ्याला या फरकानं काही होत नाही. पण सामूहिक पारायणात चालक ओवी क्रमांक सांगतो आणि शेजारचा भलतीच ओवी वाचतो, असं झालं की पारायणाची लय मोडते.

तुकोबांच्या गाथेत तर याहून जास्त घोळ. शासकीय गाथेत ४६०७ अभंग आहेत, आणि इतर गाथांची संख्या आणि क्रम दोन्ही निराळे. म्हणून ‘अभंग क्रमांक अमुक’ असा नुसता उल्लेख कुठल्याही लेखात दिसला, तर तो कुठल्या गाथेचा ते सांगितल्याशिवाय फुकट. चरणांची अकारविल्हे सूची असलेली गाथा घ्या. कीर्तनात कानावर पडलेली ओळ तिच्यावरूनच सापडते. गाथा हाताळणाऱ्याला सगळ्यात जास्त लागतं ते हेच पान, आणि स्वस्त प्रतींत नेमकं तेच गाळलेलं असतं.

महाभारताच्या मराठी अनुवादात एवढंच बघा की तो नीलकंठी पाठावरून (टीकाकार नीलकंठाच्या परंपरेतला पाठ) आहे की भांडारकर संस्थेच्या चिकित्सक (अनेक पोथ्या ताडून केलेल्या) आवृत्तीवरून. पुण्यात १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या त्या आवृत्तीच्या मुख्य पाठात गणपतीनं लेखनिक होण्याची कथा नाही, ती परिशिष्टात आहे. हे न सांगता छापलेला अनुवाद घेतला की वाचक म्हणतो, ‘पानं गळलीत!’

‘कादंबरीला कसल्या टीपा?’ हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण इथे तुम्ही निम्मे बरोबर आहात. कथानकात बोट घालणाऱ्या टीपा नकोतच. संपादकाची लांबलचक प्रस्तावनाही कादंबरी वाचून झाल्यावर वाचावी. बहुतेक प्रस्तावना शेवट आधीच सांगून टाकतात. पण हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ बघा. ती १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येत होती, आणि ऐन मध्यावर, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला. मुलीचं संमतिवय दहावरून बारा झालं आणि पुण्यात रान पेटलं. कादंबरीची नायिका यमू, तिची कहाणी त्या वेळचे वाचक आठवड्या-आठवड्यानं वाचत होते ते या गदारोळात. ही दोन ओळींची माहिती नसेल, तर आजच्या वाचकाला ती एका दुःखी बाईची जुनी गोष्ट वाटते. असेल, तर प्रत्येक प्रकरणाला धार येते. केशवपन, सोवळं, माजघर यांवरच्या शब्दटीपाही शेवटी दोन पानांत बसतात.

हरिभाऊ १९१९ मध्ये गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे त्यांची पुस्तकं कुणीही छापू शकतो आणि छापतोही. स्वस्त प्रतींची मेख इथे आहे. जुनं पुस्तक यंत्रानं वाचून मजकूर उचलतात, मुद्रितं (छपाईआधीचे नमुने) कुणी तपासत नाही. मग ‘घर’चं ‘धर’ होतं, ‘भ’चा ‘म’ होतो, ‘ख’ फुटून ‘रव’ होतो. कुठलंही मधलं पान नीट वाचा. अशा दोन चुका दिसल्या तर पुस्तक खाली ठेवा. मुद्रणपृष्ठावर ‘संक्षिप्त’ किंवा ‘संपादित’ हा शब्द बारीक टाइपात लपलाय का तेही बघा. शुद्धलेखन बदललं असेल तर त्यात गैर काही नाही. अनुच्चारित अनुस्वार काढण्याचा नियम १९६२ पासूनचा आहे. फक्त ते बदललंय असं सांगितलेलं असावं, आणि पात्रांच्या बोलण्यातली बोली ‘सुधारलेली’ नसावी.

किमतीबद्दल एवढंच म्हणतो की यातल्या कुठल्याच गोष्टीसाठी पुस्तक महाग असावं लागत नाही. ‘हे सभासदात’ या ओळीला कागद किती लागतो?

आता वडिलांची प्रत. ते कुणाबरोबर पारायणाला बसतात ते आधी विचारा आणि त्या मंडळात जी प्रत चालते तीच घ्या, मग माझ्यासारख्यांनी दुसऱ्या कुठल्या प्रतीची कितीही भलामण केलेली असो. घरी अर्थ लावून वाचायचं असेल तर सार्थ, म्हणजे ओवीखाली अर्थ दिलेली, प्रत वेगळी घ्या. पारायणाला सार्थ प्रत गैरसोयीची, कारण एका पानावर जेमतेम चार-सहा ओव्या बसतात आणि पानं उलटता उलटता दम जातो. पहिल्या अध्यायात पावणेतीनशे ओव्या आहेत, पण अठराव्यात अठराशेच्या वर.

टाइप किती पॉइंटांचा ते पुस्तकावर लिहिलेलं नसतं. प्रत हातभर लांब धरा आणि ‘ष्ट’ व ‘ष्ठ’ वेगळे दिसतात का, वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसत नाहीत ना, ते वडिलांनाच बघू द्या. ओवी एका पानावर सुरू होऊन दुसऱ्यावर संपत असेल तर ती प्रत नको. बांधणी शिवलेली हवी. वरून कण्याकडे बघितलं की दुमडलेल्या फर्म्यांचे (एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या पानांचे) गोलसर गठ्ठे दिसतात, आणि फर्म्याच्या मध्यावर उघडलं की दोरा दिसतो. नुसती चिकटवलेली जाड प्रत व्यासपीठावर (पोथी ठेवायच्या लाकडी घडीवर) उताणी ठेवली की मिटते. दाबून ठेवली तर कणा तडकतो, आणि पानं सुटायला लागतात ती बहुधा तेराव्या नाहीतर अठराव्या अध्यायात, कारण सगळ्यात जास्त वेळ पुस्तक तिथेच उघडं असतं.