संधिवाताची औषधे आणि लस : एका संदेशाबाबत खुलासा

‘संधिवात, सोरायसिस किंवा आतड्याच्या दाहाची औषधे चालू असणाऱ्यांना लस लागूच पडत नाही, उलट आजार उसळतो; म्हणून ती घेऊ नये,’ असा संदेश सध्या फिरतो आहे. त्यात सत्याचा अंश आहे, पण निष्कर्ष चुकीचा आणि घातक आहे.

लसीला शरीराचा प्रतिसाद औषधागणिक बदलतो. संधिवातात दिले जाणारे रिटुक्सिमॅब हे औषध प्रतिपिंडे (जंतूंना रोखणारी प्रथिने) घडवणाऱ्या बी पेशीच हटवते, त्यामुळे प्रतिपिंडे फारच कमी तयार होतात. तरीही टी पेशींचा (प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या प्रकारच्या पेशींचा) प्रतिसाद बऱ्याच रुग्णांत टिकतो; पण प्रतिपिंडेही मिळावीत म्हणून या औषधाच्या डोसच्या वेळापत्रकात लसीची जागा आधीच ठरवावी लागते. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या मेथोट्रेक्सेट या संधिवाताच्या गोळीने प्रतिसाद मंदावतो, पण संपत नाही. ब्रिटनमधील २०२२ च्या ‘व्हरूम’ चाचणीत कोविडच्या बूस्टरनंतर दोन आठवडे ही गोळी थांबवणाऱ्यांत प्रतिपिंडे सुमारे दुप्पट आढळली. मात्र काहींचे सांधे त्या काळात अधिक दुखले. म्हणूनच, कळकळीने सांगतो, गोळी परस्पर बंद करू नका. तो निर्णय डॉक्टरांचा.

जपायचे ते जिवंत (दुर्बल केलेले जिवंत जंतू असलेल्या) लसींबाबत : गोवर, कांजिण्या, पीतज्वर. फ्लू आणि न्यूमोनियाच्या इंजेक्शनमधील लसी जिवंत नसतात, आणि संसर्गाचा धोका जास्त असलेल्या या रुग्णांना त्यांची गरज इतरांहून अधिक असते.