आधी यादी, मग मालकी

2024 मध्ये वाघनखं साताऱ्यात आली आणि ‘परदेशातल्या आपल्या पोथ्याही परत आणा’ हे बोलणं महाराष्ट्रात वाढलं. मागणी रास्त आहे. मात्र केंब्रिजमध्ये अ‍ॅग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या पोथ्या अभ्यासणाऱ्या जुळ्या बहिणींचं काम समोर असलं, की वाटतं, आपण सुरुवात चुकीच्या टोकाकडून करतोय.

1892 मध्ये, वयाच्या 49व्या वर्षी, दोघी उंटांवरून इजिप्तमधल्या सिनाईच्या सेंट कॅथरिन मठात पोचल्या. जर्मन अभ्यासक टिशेनडॉर्फने 1859 मध्ये तिथून नेलेलं प्राचीन ग्रीक बायबल परत आलं नव्हतं, त्यामुळे युरोपीय पाहुण्यांवर साधूंचा भरवसा बेताचाच. या बहिणी साधूंशी त्यांच्याच बोलीभाषेत, ग्रीकमध्ये, बोलल्या. ग्रंथपाल गॅलाक्टिऑन यांनी कपाटं उघडली.

तिथल्या एका सिरियाक (पश्चिम आशियातली जुनी भाषा) चर्मपत्राच्या पोथीत स्त्री-संतांची चरित्रं होती. पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली. अ‍ॅग्नेसने ती किटलीच्या वाफेवर धरून एकेक सोडवली, तेव्हा खाली पुसलेला जुना मजकूर दिसला आणि काही पानांच्या माथ्यावर शुभवर्तमानाचं, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राचं, नाव. तिने सुमारे 400 फोटो काढले. 1893 मध्ये बेन्सली, बर्किट आणि हॅरिस या अभ्यासकांसह परत जाऊन 40 दिवस नक्कल उतरवली. पुसट शाई उठावी म्हणून अमोनियम हायड्रोसल्फाइड लावलं. शाईतल्या उरलेल्या लोहाशी त्याचा संयोग होऊन अक्षरं काळी उमटतात. वास असह्य, आणि अशा रसायनांचे डाग कायमचे राहतात, म्हणून आता हे काम निरनिराळ्या रंगांच्या प्रकाशात फोटो काढून होतं. पोथी मठातच राहिली. दोघींनी मठातल्या सिरियाक आणि अरबी ग्रंथांच्या याद्या 1894 मध्ये छापल्या. त्या काळी केंब्रिज बायकांना पदवी देत नव्हतं. त्यासाठी 1948 उजाडलं.

दुसरी बाजूही खरी आहे. त्यांनी प्रवासात सुटी पानं विकत घेतली. 1896 मध्ये त्यातलंच एक पान केंब्रिजचे अभ्यासक शेख्टर यांनी बेन सीराच्या बोधवचनांच्या हिब्रू ग्रंथाचं म्हणून ओळखलं, आणि कैरोच्या गनीझातला (ज्यू प्रार्थनास्थळातल्या जुन्या कागदांच्या कोठीतला) मोठा साठा केंब्रिजला आला. बहिणींच्या संग्रहातले सुमारे 1,700 तुकडे 2013 मध्ये 12 लाख पौंडांना विकले गेले. केंब्रिज आणि ऑक्सफर्डच्या ग्रंथालयांनी ते मिळून घेतले नसते, तर फुटून कुठेही गेले असते.

मराठी घरांतले मोडीचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आजही माळ्यावर आहेत, आणि मला काळजी त्यांची वाटते. वाफेचा प्रयोग त्यांच्यावर अजिबात नको: काजळ-डिंकाची शाई ओलाव्याने फुटते आणि समोरच्या पानावर उतरते. चिकटलेलं पान तसंच ठेवा, जाणकाराला दाखवा. रुमाल सोडण्याआधी त्याचा फोटो घ्या, कागदांचा क्रम मोडू नका, कोऱ्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक टाका. मग पहिली ओळ, शेवटची ओळ, तारीख असेल तर तारीख, एवढी नोंद एका वहीत करा. एका रुमालाला दोन रविवार लागतील.