क्योतो राहिलं ते राहिलं

परवा रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला सोसायटीतल्या एका वहिनींनी वाण हातात ठेवता ठेवता विचारलं, "जपान केलंत म्हणे! क्योतो किती दिवस केलं?" म्हटलं, क्योतो नाही केलं. "ओसाका?" नाही. "हिरोशिमा तरी?" तेही नाही. वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पंढरपूरला जाऊन चंद्रभागेत डुंबून, विठोबाला न भेटता परत आले.

हे 'करणं' आपल्या प्रवासातून कधी जाणार, देव जाणे. आपण युरोप करतो, चारधाम करतो, उरलंसुरलं पुढच्या वर्षी करतो. आम्हाला ज्या टूरवाल्यांनी आधी कार्यक्रम दिला होता त्यात 7 दिवसांत 5 शहरं होती. मी बँकेत आहे, मार्च तोंडावर आला की रजा मागायची सोय नाही. जानेवारीत सात दिवस मिळाले, त्यातलेही जवळजवळ दोन विमानात जाणार. उरलेल्या पाचांत रोज सकाळी बॅग भरायची? मी घरी ते रोज करते, डबे भरून.

टोकियोत निशी-कासाईला माझी कॉलेजातली मैत्रीण राहते. (तिथे भारतीय वस्ती बरीच. त्याच भागातून, एदोगावा वॉर्डातून, 2019 साली आपले योगेंद्र पुराणिक वॉर्डाच्या सभेवर निवडून आले होते.) ती म्हणाली, "एक शहर घे आणि एक बर्फ घे. बर्फ मधल्या वारी घे, शनिवार-रविवारी अख्खं टोकियो तिथे लोटतं." एवढ्या एका वाक्यावर आमची सहल ठरली. टोकियोतल्या उएनो भागात हॉटेल घेतलं, कारण नारिता विमानतळाहून येणारी स्कायलायनर गाडी तिथेच येते आणि बर्फाकडे जाणारी शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेनही, तिथे थांबते. मोठ्या बॅगा हॉटेलवाल्यांकडे ठेवल्या आणि पाठीवरच्या सॅक घेऊन मंगळवारी सकाळी निगाता प्रांतातल्या युझावा या बर्फाच्या गावाला निघालो.

आता खरं सांगायचं ते इथून.

टोकियोत जानेवारीत ऊन असतं. कडाक्याची थंडी, पण आकाश धुतल्यासारखं निळं. गाडी सुटली तेव्हा खिडकीत तेच ऊन होतं, लेक म्हणाली, "आई, बर्फ नक्की आहे ना?" ताकासाकी गेलं, डोंगर जवळ आले, तरी ऊनच. मग दाईशिमिझु बोगदा लागला, 22 किलोमीटरचा. काही मिनिटं नुसता अंधार, काचेत आपलेच चेहरे. बोगद्याबाहेर आलो आणि डब्यातली सगळी भारतीय मंडळी, म्हणजे आम्ही तिघं, एकदम "अगं आई गं" म्हणालो. घरांची छपरं दिसत नव्हती, छपरांवरचे बर्फाचे थर दिसत होते. आकाश राखाडी, आणि वरून अजून पडतच होतं.

याचं कारण कळलं तेव्हा मला आपला सह्याद्रीच आठवला. सैबेरियातून निघालेला गार, कोरडा वारा जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतो, मधल्या डोंगररांगेला धडकून वर चढतो आणि सगळा माल निगाताच्या बाजूला उतरवून मोकळा होतो. टोकियोला पोचतो तो रिकाम्या हाताने. महाबळेश्वर आणि माणदेश यांच्यात जे नातं, तेच युझावा आणि टोकियो यांच्यात. फक्त इथे पावसाच्या जागी बर्फ, आणि घाटाच्या जागी बोगदा. टोकियोहून सव्वा-दीड तास. तेवढ्या वेळात आम्ही ठाण्याहून लोकलने फार तर कर्जतला पोचतो.

गाला युझावा हे स्टेशन म्हणजे एक गंमतच. फक्त बर्फाच्या मोसमात चालू. तिकिटाच्या फाटकातून बाहेर पडलात की समोर स्की भाड्याने देणारं काउंटर: कपडे, बूट, स्की, सगळं तिथेच. तिथूनच गोंडोला, म्हणजे रोपवेचा बंद डबा, वर जाते. 1990 साली हे सुरू झालं. टोकियोची माणसं ऑफिसच्या बॅगेएवढं सामान घेऊन येतात आणि संध्याकाळी परत जातात.

आम्ही मात्र दोन रात्री राहिलो, आणि माझं आग्रहाचं मत आहे की राहावंच. त्याकडे येतेच, पण आधी माझं पडणं.

स्कीचा बूट पायात घातला की घोटा हलत नाही, माणूस प्लास्टर घातल्यासारखा चालतो. त्या बुटांत जिना उतरताना मी जेवढी घाबरले तेवढी पुढे उतारावर घाबरले नाही. आमचे शिक्षक साठीच्या पुढचे, इंग्रजी मोजकं. पहिला धडा थांबण्याचा: स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब. याला जपानीत 'हा-नो-जी' म्हणतात, कारण पाय त्यांच्या लिपीतल्या 'हा' अक्षरासारखे दिसतात, वर जवळ आलेल्या आणि खाली फाकलेल्या दोन तिरप्या रेघा. गुरुजी उलटे सरकत पुढे, मी मागे, आणि ते सतत "हा, हा" म्हणतायत. मला आधी वाटलं हसतायत.

माझा 'हा' काही केल्या जमेना. टोकं एकमेकांवर चढली की मी बसलेच खाली. पडण्याचं काही नाही हो, बर्फ मऊ असतो. उठणं हा खरा खेळ आहे. स्की उताराला आडव्या करायच्या, मग कुशीवरून हाताने स्वतःला ढकलायचं, आणि हे सगळं 46 व्या वर्षी, शेजारून सहा वर्षांची चिमुरडी सुळ्ळकन जात असताना. अकरा वेळा पडले. बारावी खेप साधारण पन्नास मीटरची होती, उभी राहून, वळून, स्वतःहून थांबून. त्या पन्नास मीटरांसाठी मी पाच शहरं आनंदाने ओवाळून टाकीन.

'स्की हे आपलं काम नव्हे' असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. 1998 च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकला, म्हणजे याच डोंगराळ मुलखात, मनालीचा शिव केशवन 16 व्या वर्षी बर्फावरच्या घसरगाडीत, ल्यूजमध्ये, भारताकडून उतरला होता. आणि खुद्द जपान्यांना तरी स्की कुठे उपजत येत होतं? 1911 च्या जानेवारीत लेर्ख नावाच्या ऑस्ट्रियन मेजरने याच निगातातल्या ताकादा गावी सैनिकांना शिकवलं, तेही एका काठीवर.

दुपारी उतारावरच्या कॅन्टीनमध्ये जेवलो. तिथला राजा म्हणजे भातावर ओतलेली करी. नवऱ्याने कटलेटसह चापली. मी आणि लेक शाकाहारी, आणि इथे माझी तक्रार आहे: जपानात 'मांस नाही' म्हणजे 'मासा नाही' असं होत नाही. साध्या दिसणाऱ्या सूपातही माशाचा अर्क असतो. ओनिगिरीत, म्हणजे भाताच्या मुटक्यात, उमेबोशी हे खारवलेलं आंबट फळ घातलेलं मिळालं की आम्ही खूश, चव आपल्या खारवलेल्या लिंबाच्या लोणच्याच्या वळणाची.

आता राहण्याबद्दल. पाचनंतर टोकियोकर गाडीने निघून जातात आणि युझावा अचानक गाव होतं. रस्त्याच्या मधोमध नळ्या पुरलेल्या, त्यांतून जमिनीतलं पाणी कारंज्यासारखं उडत असतं, बर्फ वितळावा म्हणून. त्या पाण्यात लोह असतं, त्यामुळे डांबर गंजल्यासारखं तांबडं झालंय. पांढऱ्याशुभ्र गावातून कोकणातल्या मातीच्या रंगाचा ओला रस्ता! माझ्याकडे त्याचे वीस फोटो आहेत, देवळांचे चार.

आणि त्याच रस्त्यावर उंच उंच इमारती, बहुतेक खिडक्या काळोख्या. जपानी माणसाच्या शिस्तीवर, स्वच्छतेवर इथे फेसबुकवर रोज पोस्ट पडतात, म्हणून ही दुसरी बाजू मुद्दाम सांगते. 1980 च्या दशकाच्या शेवटी तिथे पैशाचा पूर आला होता, स्कीचं वेड टिपेला होतं, आणि टोकियोकरांनी या गावात सुट्टीतली घरं घेण्याचा सपाटा लावला. लोक गावाला चेष्टेने 'टोकियो-तो युझावा-माची' म्हणायचे, म्हणजे टोकियो महानगरातलं युझावा गाव. मग फुगा फुटला. आज त्यातले काही फ्लॅट 1 लाख येनच्या आसपास निघतात, म्हणजे साठेक हजार रुपये, तरी गिऱ्हाईक नाही, कारण दरमहा मेंटेनन्स आणि कर मानेवर बसतात. लोणावळ्यात 'इन्व्हेस्टमेंट' घेऊन वर्षाला चार दिवस जाणाऱ्या माझ्या नातेवाइकांना हा परिच्छेद मी टॅग न करता अर्पण करते.

रात्री गरम पाण्याच्या कुंडात, ओन्सेनमध्ये. बायकांचं वेगळं, पण अंगावर सूतही नाही. वज्रेश्वरीला साडीसकट उतरणाऱ्या आजीची मी नात, पहिली पाच मिनिटं मेल्याहून मेल्यासारखी झाली. नंतर लक्षात आलं, कुणी कुणाकडे बघतच नाही. गळ्यापर्यंत कढत पाणी, डोक्यावर भुरभुर बर्फ. लेक आलीच नाही, तिचा तो प्रश्न.

सकाळच्या न्याहारीला भात. हा उओनुमाचा कोशिहिकारी, जपानातला नावाजलेला तांदूळ, याच वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर पिकलेला. चिकट, चकाकता, आपल्या इंद्रायणीचा श्रीमंत भाऊ. मी गुपचूप पर्समधून मेतकूट काढलं. तूप नव्हतं, नाहीतर जपानात कायमची राहिले असते. त्याच तांदळाच्या मुलखाची साके, म्हणजे तांदळाची दारू, गावातल्या एचिगो-युझावा स्टेशनात चाखायला मिळते: 500 येनला 5 नाणी, भिंतभर यंत्रं, हवी ती निवडा, सोबत चवीला तऱ्हेतऱ्हेची मिठं. नवऱ्याने पाचही नाणी प्रामाणिकपणे संपवली आणि परतीच्या बोगद्यात झोपून गेला.

टोकियोबद्दल थोडक्यात, ते सगळ्यांनी लिहिलंय. सेन्सो-जी देवळात आजूबाजूची दुकानं उघडायच्या आत जा. शिंजुकूत नाकामुराया नावाची जागा आहे, तिथली भारतीय करी 1927 सालची, क्रांतिकारक रासबिहारी बोस यांच्यामुळे आलेली. ते याच दुकानमालकांचे जावई. आदल्या दिवशी बर्फात करी खाल्लेली असल्याने आम्हाला तिथे जाणं भागच होतं. आणि महानगर सरकारच्या इमारतीत 45 व्या मजल्यावर फुकट जाता येतं. हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी तिथून फुजी दिसतो, म्हणजे आम्हाला दिसला, करंगळीच्या नखाएवढा.

तो फोटो मी नणंदेला कौतुकाने पाठवला. तिने मोठा करून पाहिला असावा. उत्तर आलं: "इमारती छान आहेत. फुजी केला नाहीत का?"