शांत सकाळ कोणाच्या जिवावर?

मागच्या श्रावणात माझी आई आमच्याकडे राहायला आली होती. एका सोमवारी ती देवळात निघाली होती आणि दाराजवळच्या स्टुलावर बसून, गुडघ्यावर हात टेकवत सावकाश चपला घालत होती. तेवढ्यात माझा तिसरीतला मुलगा तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आजी, आवर ना गं! उशीर होतोय, कळत नाही का तुला?" हे म्हणताना त्याने डाव्या मनगटावर दोन बोटे आपटली. त्याच्या मनगटावर घड्याळ नव्हते. शब्द माझे होते, स्वर माझा होता आणि ती बोटे आपटण्याची लकबही माझीच होती.

आई हसली आणि "चल बाबा" म्हणून उठली. मला मात्र दिवसभर काही सुचले नाही.

मुलावर चांगले संस्कार व्हावेत म्हणून आम्ही काय कमी केले होते? उन्हाळी शिबिर झाले, श्लोकांचा वर्ग झाला, झोपताना गोष्टीही होत असत. पण रोज सकाळचा तो पाऊण तास, ज्यात मी एक हरवलेला मोजा शोधताना घर डोक्यावर घेत असे, तो आमच्या हिशेबात कधीच धरलेला नव्हता. मुलाने नेमका तोच मन लावून गिरवला होता.

आमची सकाळ अशी का होते, याचा मी नंतर शांतपणे विचार केला, तेव्हा पहिले उत्तर साध्या गणितात सापडले. स्कूल बस सहा चाळीसला येते, म्हणजे मुलाला पावणेसहाला उठवावे लागते. अमेरिकेतल्या निद्राविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी रोज नऊ ते बारा तासांची झोप सांगितली आहे. त्यातले किमान नऊ तास धरले तरी मूल रात्री पावणेनऊला झोपलेले असायला हवे, आणि पावणेनऊला तर आमच्या कुकरची पहिली शिट्टी व्हायची. अर्धवट झोपेतल्या मुलाला "चटपटीत हो" म्हणणे हा शुद्ध अन्याय होता आणि तो मी रोज करत होतो.

राज्य सरकारने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असा निर्णय काढला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. दोन पाळ्यांत चालणाऱ्या शाळांच्या आणि बसवाल्यांच्या अडचणी खऱ्या आहेत, हे मान्य करूनही तो निर्णय योग्य आहे, असे मी आजही म्हणेन. आमच्या मुलाची शाळा अजून सात दहालाच भरते. तो वाद स्वतंत्र आहे.

माझे बालपण वाईला गेले. आमच्या घरी सकाळी कोणी कोणावर ओरडल्याचे मला आठवत नाही, आणि याचे श्रेय मी वडिलांच्या स्वभावाला देणार नाही, कारण ते चांगले तापट होते. श्रेय रेडिओचे होते. सहा पंचावन्नला संस्कृत बातम्या लागल्या की आंघोळ उरकलेली असायची, सात पाचला पुणे केंद्राच्या बातम्या सुरू झाल्या की ताट समोर यायचे आणि त्या संपल्या की दप्तर पाठीवर. वेळ झाल्याचे सांगण्याचे काम घरातल्या कोणा माणसाकडे नव्हतेच, त्यामुळे त्यावरून चिडायलाही कोणी नव्हते. आमच्याकडे आता हे काम स्वयंपाकघरातल्या घड्याळावर चिकटवलेली लाल टिकली करते. मोठा काटा तिच्यावर आला की बूट घालायचे. टिकली मुलानेच लावली आहे, किंचित तिरकी.

माझ्या आजीचीही एक सवय मी उचलली आहे. ती अंथरुणात बसूनच "कराग्रे वसते लक्ष्मीः" म्हणायची आणि जमिनीवर पाऊल ठेवण्याआधी "पादस्पर्शं क्षमस्व मे" म्हणून भूमीची क्षमा मागायची. मी फारसा भाविक नाही. पण जाग येणे आणि उभे राहणे यांच्यामध्ये दोन श्लोकांइतकी जागा ठेवणारी ती पद्धत मला फार शहाणपणाची वाटते, विशेषतः ती जागा आता मोबाईलने घेतलेली असताना.

तरीही जी गोष्ट लक्षात यायला मला सर्वाधिक वेळ लागला, ती वेगळीच आहे. सहा-आठ महिन्यांपूर्वी काही दिवस आमच्या सकाळी खरोखरच शांत जाऊ लागल्या होत्या आणि मी मित्रांना त्याविषयी ऐटीत सांगतही होतो. मग कळले की त्या शांततेसाठी माझी पत्नी पावणेपाचला उठत होती. डबे, कणीक, इस्त्री, पाण्याच्या बाटल्या, सगळे आम्ही उठण्याआधीच पार पडलेले असे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि पुरुष ९७, असे आढळले होते. शिवाय घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात २६ टक्क्यांच्या आसपास. मी स्वतःला त्या २६ टक्क्यांत मोजत होतो, कारण मी चहा करत असे. अशा घरातला मुलगा प्रसन्न चेहऱ्याने "आई, डबा!" म्हणून हात पुढे करतो, तेव्हा तो शांतपणा शिकतो हे खरे, पण डबा आपोआप तयार होतो हेही शिकतो. पहाटे उठण्याचे माहात्म्य सांगणाऱ्या रील्समध्ये त्या आधीच उठलेल्या बाईविषयी कोणी बोलत नाही.

आता भाजी चिरणे आणि कणीक मळणे ही कामे रात्री माझ्याकडे आहेत. कुकर साडेसातला लागतो. मुलगा रात्रीच दप्तर भरतो, बूट दाराशी ठेवतो, आणि सकाळी स्वतःची पांघरुणाची घडी, बाटली आणि डबा स्वतः बघतो. घडी गाठोड्यासारखी होते. पोळीचा रोल डब्यात उलगडतो आणि भाजीचे तेल वहीला लागते. पत्नी सव्वापाचला उठते. अजून हवा तसा फरक पडलेला नाही.

गेल्या गुरुवारी लाल टिकलीच्या ऐन वेळेला त्याच्या हातून दुधाचा पेला ओट्यावर लवंडला. मी "राहू दे, मी पुसतो" म्हणालो, पण त्याने फडके घेतले आणि ओटा, मग खालची फरशी, मग ओट्याखालचे कपाटाचे दार असे निगुतीने पुसत राहिला. माझा हात एकदा मनगटाकडे गेला होता, तो मी खिशात घातला. बस निघून गेली. स्कूटरवरून पोहोचायला बारा मिनिटे उशीर झाला आणि डायरीत "विद्यार्थी उशिरा आला" असा शेरा आला. रात्री त्याच्याखाली मी सही केली.