रवा गव्हाचा नसतो

परवा आमच्या गिरणीत 'रवा गव्हाचा नसतो' हे पाच विरुद्ध एक मतांनी मंजूर झालं. एक मी.

बायकोला दोन वर्षांपूर्वी सीलिअ‍ॅक निघाला. गव्हातलं ग्लूटेन तिच्या आतड्याला चिमूटभरही सोसत नाही. पोळी गेली, पाव गेला, जव गेले, डबीतला हिंगसुद्धा गेला, कारण त्यात बहुतेक वेळा कणीक घातलेली असते. तिचा वाढदिवस मार्चमध्ये. नाशिकमध्ये राहायचं, दिंडोरी रोडला द्राक्षांची क्रेट रस्त्यावर येऊन पडलेली बघायची आणि तिला द्राक्षांच्या केकचा एक तुकडा मिळू नये, हे काही मला पटेना. म्हणून ज्वारी आणि तांदूळ घेऊन गिरणीत गेलो.

'ग्लूटेन फ्री' असं छापायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही. आमच्या गिरणीवाल्याच्या नुसत्या भुवया झाडल्या तरी तेवढं निघेल. पण कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या पडद्याआड उपासाची वेगळी चक्की आहे. भगर, राजगिरा, शिंगाडा, बास. तिला गव्हाचं पोतंही शिवत नाही. मागच्या खेपेला मी खरं सांगितलं होतं, 'पेशंटचं आहे, गहू लागायला नको.' तर तो म्हणाला, "फडकं मारतो की." या वेळी मी शहाणा झालो होतो. डबा पुढे केला आणि म्हटलं, "उपासाचं आहे."

त्याने निमूट डबा पडद्याआड नेला, हात धुतले, कापडी सोंड झटकली. आजाराला न मिळालेला मान उपासाला चुटकीसरशी मिळाला.

पण रांगेत एक काका होते. मार्चच्या उन्हात माकडटोपी, पायाशी लोकवनचा डबा. त्यांनी पडद्याआड डोकावून पाहिलं.

"ज्वारी दिसतेय."

"हो."

"उपासाला?"

"आमच्याकडे चालते."

"कुठले तुम्ही?"

"निफाडकडचे."

"निफाडला आमचे व्याही आहेत. त्यांच्याकडे तर नाही चालत. कुठला उपास म्हणायचा हा?"

मी पाच सेकंद देव शोधला. एकही सापडेना. शेवटी सगळं सांगून टाकलं: बायको, आतडं, वाढदिवस, केक. वाटलं, आता तरी काकांना पाझर फुटेल.

"मग रव्याचा करा की केक."

"काका, रवा गव्हाचाच असतो."

"छे! गव्हाचं पीठ असतं. रवा वेगळा. दुकानात वेगळा मिळतो, भाव वेगळा." आणि रांगेकडे वळून, "काय हो ताई, रवा गव्हाचा असतो?"

ताईंनी विचार करून सांगितलं, "नाही बाई. रवा रव्याचा असतो." दुसऱ्या बाईंनी मान डोलावली. मोबाइलमधून डोकं वर न काढता एक कॉलेजकुमारही "वेगळा, वेगळा" म्हणाला. मी आशेने गिरणीवाल्याकडे पाहिलं. हा माणूस गव्हात जन्माला आलाय. तो म्हणाला, "तसा वेगळाच म्हणायचा." गिऱ्हाईक कोण तोडणार!

मग काकांनी खपली गहू सुचवला. खपलीतही ग्लूटेन असतं म्हटलं, तर म्हणाले, "पण तो देशी आहे." मग आलंच ते वाक्य, "आमच्या वेळी नव्हती असली थेरं." मला राहवेना. मी भर गिरणीत, पट्ट्याच्या खडखडाटात ओरडून सांगितलं की 1944-45च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भाकर-पावाचे हाल झाले, आणि विलेम डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञाचा संशय पक्का झाला, कारण लोक उपाशी असताना या आजाराची मुलं गव्हाविना सुधारत होती.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे उपासानंच बरं वाटलं ना?"

एव्हाना गिरणीवाल्याने डबा परत आणून ठेवला होता. "साहेब, त्या चक्कीवर ज्वारी टाकली तर लोक ओरडतील." बायकोला गव्हाचा विटाळ आणि त्यांच्या एकादशीला माझ्या ज्वारीचा! भगर नेली असती तर विनातक्रार दळून मिळाली असती, ही अक्कल अर्थातच घरी आल्यावर आली.

शेवटी मिक्सरवर दळलं, तीनदा चाळलं, तरी कचकच राहिलीच. पिठात चिकटपणा नाही म्हणून दोन चमचे इसबगोल. "केकसाठी हवंय" म्हटल्यावर मेडिकलवाल्याने फार सहानुभूतीने मान हलवली. द्राक्षं अर्धी कापून, फडक्यावर कोरडी करून, पिठात घोळवून टाकली, तळाशी जाऊ नयेत म्हणून. 180 अंशांवर 45 मिनिटं. सगळी तळाशी. सुरी लावली तर दरड कोसळावी तसा कडा ढासळला आणि खालून हिरवट, कढत जॅम वर आला. बायकोने वाटीत घेऊन चमच्याने खाल्ला, दोनदा घेतला.

ती हल्ली लग्नात साधा भात घेऊन कोपऱ्यात बसते, पर्समध्ये स्वतःची भाकरी. तरी कोणी तरी येतंच. "प्रसादाचा शिरा आहे, एका घासानं काय होतं?" काय होतं ते मी रात्री दोन वाजता बाथरूमच्या दाराबाहेर उभं राहून ऐकलेलं आहे. आग्रह करणारा तेव्हा घोरत असतो. नाही म्हटलं की देवाचा अपमान, आणि तिचं नखरेलपण.

संध्याकाळी बेल वाजली. काका मागच्याच गल्लीत राहतात हे मला तेव्हा कळलं. हातात झाकलेली वाटी. "वहिनींचा वाढदिवस ना? शिरा आणलाय. रव्याचाच आहे हो, बिनधास्त खाऊ दे."

भला माणूस. त्यातच तर सगळी पंचाईत. शिरा मी खाल्ला, उत्तम होता. वाटी रिकामी परत द्यायची नाही म्हणून घासून त्यात उरलेल्या केकचा चुरा भरला आणि नेऊन दिला.

आज सकाळी दूध आणायला गेलो तर काका भेटले.

"शिरा बरा झाला होता तुमचा," म्हणाले. "फक्त पुढच्या वेळी रवा बारीक घ्या."