दहा रुपयांचे ‘आई गं’

इंग्रजी संभाषणाच्या वर्गात माझ्याकडून दहा रुपये दंड वसूल करण्यात आला, आणि तोही घडीच्या लोखंडी खुर्चीत माझे बोट चेमटले म्हणून. ‘मराठीत बोलल्यास दंड’ अशी पाटी सांगलीतल्या त्या वर्गाच्या भिंतीवर आहे, हे मला मान्य आहे. परंतु वेदनेने तोंडातून सुटलेल्या ‘आई गं’ला बोलणे म्हणावे काय, हा प्रश्न माझ्या मते अजून निकालात निघालेला नाही.

त्या दिवशी पाठ नेमका इंटरजेक्शनचा, म्हणजे आपल्या केवलप्रयोगी अव्ययांचा होता. आनंद झाला की ‘हुर्रा’, दुःख झाले की ‘अलास’, लागले की ‘आऊच’ आणि वस्तू हातून निसटली की ‘उप्स’. भावना तीव्र असेल तर पुढे उद्गारचिन्ह, सौम्य असेल तर स्वल्पविराम, असे मॅडमनी फळ्यावर लिहून दिले. मी वहीत ते उतरवून घेत असतानाच मार्केट यार्डातले हळदीचे एक अडते, ज्यांना सगळा वर्ग आप्पा म्हणतो, ते शंका विचारायला उभे राहिले. (शंका मराठीत विचारण्याची मुभा आहे, विव्हळण्याची नाही.)

“मॅडम, सौद्यात दर पडला की शेतकऱ्याचं अलास आणि घेणाऱ्याचं हुर्रा. दर चढला की उलटं. आमची अडत दोन्ही वेळंला ठरलेली. मग अडत्यानं मधी उभं राहून काय म्हणायचं?”

मॅडमनी बराच वेळ खडूकडे पाहिले आणि ‘वेल’ म्हणावे, असे सांगितले. काही ठरत नसताना वेळ काढण्यासाठी इंग्रज माणूस ‘वेल’ म्हणतो, हे अगदी खरे आहे. परंतु आप्पांचे समाधान झाले नाही. “आणि ते ‘वाव’ आमच्या यार्डात चालायचं न्हाई,” त्यांनी गंभीरपणे बजावले. “माल बघून खरेदीदार ‘वाव’ म्हणाला की त्याचा धंदा बुडाला. हळकुंड मोडून बघायचं, तोंड वाकडं करायचं आणि गप बसायचं. गप बसायला इंग्रजीत काय हाय?” त्यावर ‘हश’ हा शब्द पुढे आला. तो दुसऱ्याला गप करण्यासाठी असतो, स्वतःला नव्हे, हे समजावण्यात पाव तास गेला, आणि त्या पाव तासाच्या अखेरीस कंटाळून मी खुर्ची मागे सरकवली.

दंडाची पेटी पुढे येताच मी कायद्याचा मुद्दा काढला. इंटरजेक्शनचा वाक्यातील इतर शब्दांशी व्याकरणदृष्ट्या संबंध नसतो, हे मॅडमचेच फळ्यावरील वाक्य होते; मग ज्याचा वाक्याशी संबंध नाही, त्याला मराठी वाक्याचा दंड कसा लागू होतो? त्यांनी शब्दांच्या आठ जातींकडे बोट दाखवले. त्या आठांमध्ये याचा समावेश आहे, हे खरे. परंतु ग्रीक वैयाकरणांनी हे उद्गार क्रियाविशेषणांतच कोंबले होते, आणि रोमन मंडळींनी त्यांना स्वतंत्र जात दिली तेव्हा, लॅटिनमध्ये आर्टिकल (इंग्रजीतल्या ‘द’सारखा शब्द) नसल्यामुळे ग्रीकांच्या आठ जातींतली जी एक कमी पडत होती, तिची जागा या उद्गारांनीच भरून निघाली. अशा रीतीने आत आलेल्या शब्दाच्या नावावर दहा रुपये आकारणे मला जड वाटले.

आप्पांनी तोड काढण्याचा प्रयत्न केला. “माल खोटाय, मॅडम. ‘आई’ पुरतं आलं, ‘गं’ निम्मं आत राहिलं. पाच धरा.” मॅडमनी ती तोड फेटाळली.

दहा रुपयांचे मला विशेष वाटले नसते. परंतु त्याच तासाला एका कॉलेजकुमाराचा मोबाइल जमिनीवर आपटला, त्याने सर्वांसमक्ष ‘शिट्’ म्हटले, आणि उद्गार इंग्रजी असल्यामुळे त्याला दंड तर झाला नाहीच, उलट ‘गुड, स्पॉन्टेनियस’ अशी शाबासकी मिळाली. विष्ठेचे नाव घेणारा शाबासकीस पात्र आणि आईचे नाव घेणारा दंडास पात्र, असा हा न्याय आहे. शिवाय ‘अलास’ हल्ली इंग्रजांच्याही तोंडी फारसा येत नाही. तो बहुधा पुस्तकांत आणि उपरोधात उरला आहे. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमच्या गल्लीत ‘अरारारा’ आणि ‘आता गं बया’ ऐकू आले. त्यांत घरातली कपाटे, धान्य, पोरांची दप्तरे, सगळे होते. त्या उद्गारांना आता दहा रुपये नगाप्रमाणे दर लागला आहे, आणि तोही फी आगाऊ भरून घेतल्यानंतर.

दंडाच्या पैशांतून महिनाअखेरीस वर्गाला भडंग दिला जातो, असे कळल्यावर मी थोडा निवळलो होतो. प्रत्यक्षात माझ्या वाट्याची पुडी त्या ‘शिट्’वाल्याच्या पुडीएवढीच निघाली, आणि तिच्यात शेंगदाणे शोधूनही सापडत नव्हते.